तीन अधिक चार बरोबर पंचवीस

संचालकांनी माझ्या भाचीच्या कंपासपेटीतलं कर्कटक उचललं आणि त्याच्या टोकाने अंगठ्याच्या नखातला मळ काढायला घेतला. निघालेला मळ ते टेबलाच्या कडेला पुसत होते. समोर माझी भाची उभी होती, तिच्यावर फुटलेला पेपर मिळवल्याचा आरोप होता, आणि हा माणूस निवांत नखं कोरत होता.

"बसा ना मॅडम," ते म्हणाले. "घरचाच मामला आहे."

आमच्या शाळेत 'घरचाच मामला' हे शब्द कानावर पडले की समजावं, आता कुणाची तरी मान कापली जाणार. मी बसले नाही.

मी या शाळेत गणित शिकवते. केस खडूने पांढरे झाले की वयाने, हे आता मलाही सांगता येणार नाही. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी ही एका जागी बसेल तर शपथ. सारखी स्वतःभोवती गोल गोल फिरायची आणि धाडकन पडायची. म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायला लागलो, ते नाव शाळेतही चिकटलं. आता मात्र आलेखाचा कागद हातात दिला की हीच भिंगरी तासन् तास हलत नाही.

दरवर्षी शाळा एक परीक्षा घेऊन विशेष वर्ग निवडते. विशेष वर्गाला गणित मी शिकवते. बाकीच्यांना त्या तासाला जो मोकळा सापडेल तो शिकवतो, मग तो खेळाचा शिक्षक का असेना. भिंगरीला विशेष वर्गात यायचं होतं. या पोरीने कधी कपडे मागितले नाहीत, फोन मागितला नाही. "आत्या, मला तुझ्या वर्गात यायचंय," एवढंच तिचं टुमणं.

माझी भाची परीक्षेला बसते आहे, पेपर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, हे मी संचालकांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, गणिताच्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, तुम्हीच काढा. फक्त गुप्तता म्हणून छापलेला पेपर तुम्हाला दाखवायचा नाही आणि तपासायलाही द्यायचा नाही. मला ते पटलं. पटलं याचंच आता आश्चर्य वाटतं. कुंपणच शेत खातं, ही म्हण मला तेव्हा आठवली नाही.

त्याच सुमारास संचालकांनी कार्यालयात एक नवी सोय आणली होती. संगणकासमोर बोलायचं, तो आपोआप टाइप करतो. तिचं त्यांना भारी कौतुक. हाताने लिहिलेला कागद कुणी आणला की ते तो दोन बोटांत धरायचे, जसं काही त्यात मेलेलं झुरळ गुंडाळलंय. तेव्हा मी रिकाम्या खोलीत खुळ्यासारखी एकटीच बसून बोलले, "एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर पंचवीस, या समीकरणाचा आलेख काढा. पुढचा भाग. तीन स्वल्पविराम चार हा बिंदू या आलेखावर आहे हे दाखवा."

साधा प्रश्न आहे. ज्याला गणिताचं नाव काढलं की पोटात गोळा येतो त्यालाही सांगते. कागदावर एक आडवी रेघ, एक उभी. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो आरंभबिंदू. तिथून उजवीकडे तीन घरं चाला, मग वर चार घरं. आता तिथून सरळ तिरकं मोजलं तर आरंभबिंदू पाच घरांवर येतो, कारण तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, आणि पंचवीस म्हणजे पाचाचा वर्ग. आरंभबिंदूपासून असे नेमके पाच घरं लांब असलेले सगळे बिंदू जोडले की वर्तुळ होतं. त्याची त्रिज्या पाच. पंचवीस नव्हे, पाच. तिथेच निम्मी मुलं घसरतात, म्हणून तर प्रश्न घातला होता.

वर्ग म्हणजे संख्येला तिनेच गुणणं, आणि वर्ग म्हणजे मुलं बसतात ती खोलीही. संगणकाने आपलं ऐकलं तसं उतरवलं: 'X वर्ग अधिक Y वर्ग बरोबर 25'. त्याला मी दोष देत नाही. त्याला कुठे डोकं आहे? ज्यांना आहे असा समज होता त्यांच्याकडे तो कागद गेला, तिथून पुढची गोष्ट.

उपमुख्याध्यापक भाषा शिकवतात. मुलं त्यांना शुद्धलेखन सर म्हणतात. समोरचं वाक्य सरळ केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. त्यांनी माझं वाक्य वाचलं आणि त्यांना माझी कीव आली. वाय वर्गाबरोबर पंचवीस, म्हणजे पंचवीस कोण? आणि क्रियापद कुठाय? गणिताच्या बाईंना भाषा येत नाही हे त्यांचं जुनंच मत. त्यांनी ते वाक्य असं नीट केलं: 'X वर्ग व Y वर्ग यांत मिळून 25 विद्यार्थी आहेत. या माहितीवरून समीकरण लिहा व आलेख काढा.' दुसऱ्या भागात क्रियापद होतं, म्हणून त्याला त्यांनी हात लावला नाही.

तपासायचं कामही त्यांच्याचकडे आलं. गणित येत नसताना गणिताचे पेपर? त्यावर ते म्हणे, नमुना उत्तर समोर ठेवलं की झालं, त्यात काय एवढं! पहिल्या भागाचं नमुना उत्तर त्यांनी स्वतः बदललं: एक्स अधिक वाय बरोबर पंचवीस, आलेख सरळ रेघ. दुसऱ्या भागाचं माझंच ठेवलं: होय, बिंदू आलेखावर आहे.

आता मुलांनी काय करावं? एक सोडून सगळ्यांनी रेघ काढली. मग दुसरा भाग आला. तीन आणि चार सात होतात. तो बिंदू त्या रेघेवर नाही, रेघेच्या आसपासही नाही. पण कागद सांगतोय की आहे, आणि छापलेल्या कागदाशी वाद घालायचा नसतो हे आपण मुलांना अगदी लहानपणापासून शिकवतो. दोन-चार जणांनी तो भाग कोरा सोडला. बाकीच्यांनी सरळ लिहिलं: 3 + 4 = 25, म्हणून बिंदू आलेखावर आहे. शुद्धलेखन सरांनी नमुन्यात 'होय' पाहिलं, उत्तरात 'आहे' पाहिलं, आणि पूर्ण गुण देऊन टाकले.

तो गठ्ठा मी नंतर पाहिला. तीन अधिक चार बरोबर पंचवीस. पान उलटलं, तीन अधिक चार बरोबर पंचवीस. एका मुलाने तर खाली पट्टीने दुहेरी रेघ मारली होती. पानं उलटायला शुद्धलेखन सर अंगठा चाटतात, त्यामुळे प्रत्येक बरोबरच्या खुणेशेजारी एक वाळलेला डाग होता. खालच्या वर्गांत मी शिकवलेली मुलं ही. त्यांच्या अक्षरासकट मी त्यांना ओळखते. मला शिसारी आली, आणि ती त्या डागांची होती की उत्तरांची, हे वेगळं काढता येईना.

सगळ्या गठ्ठ्यात वर्तुळ एकट्या भिंगरीने काढलं होतं. केंद्र आरंभबिंदूत, त्रिज्या पाच, कडेवर तीन-चार, चार-तीन, आणि त्यांची डावीकडची, खालची सगळी भावंडं ठिपक्यांनी दाखवलेली. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रश्नात चूक झाली असावी. वर्ग म्हणजे इथे गुणाकाराचा वर्ग धरला आहे.' त्या वर्तुळाच्या बरोबर मधे लाल शून्य होतं. शून्यावर भागलं असतं तर मी भांडून गुण मिळवले असते. पण पेपर मी काढलेला, आणि सगळ्यांहून वेगळं उत्तर माझ्या भाचीचं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला एवढं पुष्कळ झालं.

"मला एकच सांगा," संचालक म्हणाले. कर्कटक आता दुसऱ्या हाताच्या नखात शिरलं होतं. "प्रश्नात विद्यार्थी आहेत. वर्ग आहेत. वर्तुळाचं नाव नाही. मग हिला वर्तुळ कुठून सुचलं?"

"कारण मूळ प्रश्न वर्तुळाचाच होता," मी म्हटलं. "तो बदलला यांनी."

शुद्धलेखन सर खिडकीशी उभे होते. त्यांनी खांदे उडवले. "मी फक्त वाक्य पूर्ण केलं. आपण काय बोललात त्याचं ध्वनिमुद्रण आहे की."

त्यांनी ते लावलं. संगणकातून माझा आवाज आला, माझ्याच कानाला परका आणि नाकातला. एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर पंचवीस.

"वर्ग म्हणालात ना?" शुद्धलेखन सर म्हणाले.

"म्हणाले."

"मग मीही वर्गच लिहिलं. आपल्या तोंडचा शब्दसुद्धा बदलला नाही."

गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणतात. पण ते गाढव निदान मग उलटून गीतेचं व्याकरण तरी तपासत नाही.

मी म्हटलं, "तुमचीच रेघ घ्या. मुलांनी ती खाली अक्षाच्या पलीकडेही ओढलीय. तिथे एक्स वर्गात तीस मुलं आहेत आणि वाय वर्गात उणे पाच. उणे पाच मुलं म्हणजे कोण, सांगाल मला? अजून जन्माला यायची?"

"पटावर आहेत पण येत नाहीत अशी असतील," संचालक म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मग भिंगरीकडे वळले. "तू सांग बाळ. घाबरू नकोस. आत्याने घरी काय सांगितलं होतं?"

"काहीच नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "सर, मी पण आधी रेघच काढणार होते. पण दुसऱ्या भागात तीन-चार आलेखावर आहे असं दिलंय. तीन नि चार सातच होतात. पंचवीस व्हायचे तर दोघांचे वर्ग करावे लागतात, नऊ नि सोळा. मग मला कळलं की हा वर्ग म्हणजे तो वर्ग. आणि आत्याला तीन-चार-पाच फार आवडतात, ती नेहमी तेच घालते."

शेवटचं वाक्य तिने लाडाने म्हटलं. संचालकांनी कर्कटक खाली ठेवलं.

"पाहिलंत? आत्या काय घालते ते हिला माहीत असतं."

"ते माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे!"

"मग बाकी एकाला तरी कसं नाही कळलं मॅडम? सगळी शाळा चूक आणि एकटी तुमची भाची बरोबर?"

हो, असं मी म्हटलं. गणितात असं होतं, असंही म्हटलं. ते पालथ्या घड्यावर पाणी होतं. त्यांच्या चहावर जाड साय धरली होती. ती त्यांनी त्याच बोटाने उचलून तोंडात टाकली, आणि मी कोपऱ्यातल्या माशांच्या पेटीकडे पाहू लागले. पेटीतलं पाणी हिरवं झालं होतं. मासे जिवंत होते, त्यांचा काही इलाज नव्हता.

मग खरी गोष्ट बाहेर आली. एका पालकाने मुलाची उत्तरपत्रिका मागवून पाहिली होती आणि तीन अधिक चार पंचवीस कसे, असं विचारलं होतं. मुलाला पूर्ण गुण होते, तरी विचारलं होतं, शहाणा माणूस. आता विशेष वर्गाची निवड फळ्यावर लागलेली, अभिनंदनाचा फलक रंगवून झालेला. तेव्हा पेपर काढणाऱ्या शिक्षिकेची सही हवी होती, की प्रश्न आणि नमुना उत्तर दोन्ही योग्य आहेत.

"भिंगरी सोमवारी माझ्या खोलीत हाच एक प्रश्न पुन्हा सोडवेल," संचालक म्हणाले. "सगळ्यांनी सोडवला तसा. तुम्ही नमुन्याप्रमाणे तपासा, गुण द्या, खाली सही करा. आरोप मिटला. ती विशेष वर्गात, तुम्ही तुमच्या जागी. नाहीतर तिच्या दाखल्यावर शेरा मारावा लागेल. आणि पेपर फोडणाऱ्या शिक्षकाचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको."

एवढं बोलून त्यांनी कर्कटक कंपासपेटीत परत ठेवलं. पुसलंही नाही.

भावाचं बिऱ्हाड माझ्या खालच्याच मजल्यावर आहे. घरी पोचताच भिंगरीने ते कर्कटक साबणाने धुतलं, पुन्हा धुतलं, मग उकळत्या पाण्यात टाकलं. भाऊ फरशांच्या दुकानात विक्रीला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि मग एकदम मोकळा झाला, जसं काही आमचंच काहीतरी अडलं होतं.

"मग लिहून टाक ना बेटा! ताई, तू तरी सांग तिला. जगात सगळे हेच करतात. गिऱ्हाईक म्हणालं ही फरशी निळी, की मी म्हणतो निळी. माझं काय जातं?"

"बाबा, फरशी कुठल्या रंगाची असते?" भिंगरीने विचारलं.

"हिरवी असते. पण विकली तर जाते!"

आम्ही तिघंही हसलो. हसून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "तुझ्या आत्याची नोकरी जाईल गं. पेन्शन उंबऱ्यावर आली असताना तिच्या नावाला काळं लागेल. तुझ्या एका ओळीने सगळं वाचतंय." मला त्याचाही वीट आला. तो घाबरला होता, माझ्यासाठीच घाबरला होता, आणि तरी मला वीट आला, त्याचं वाईट वाटलं. मी जेवण अर्धं सोडून वर आले.

थोड्या वेळाने भिंगरी वर आली. दारातच उभी राहिली.

"आत्या, मी काय लिहू?"

जिभेवर होतं माझ्या. पण मी म्हटलं, "ते मी सांगितलं, तर तो पेपर फोडणंच होईल."

"पण तपासणार तूच ना?"

"मीच."

"कशी तपासशील?"

"नेहमी तपासते तशी."

तिने मान डोलावली आणि ती खाली गेली. खरं तर मला तिला जवळ बसवायचं होतं, सांगायचं होतं की नोकरीबिकरी खड्ड्यात गेली. पण तसं सांगणं म्हणजेही उत्तर सांगणंच होतं.

सोमवारी संचालकांच्या खोलीत कसल्याशा फुलांचा फवारा मारला होता. त्याच्याखाली शनिवारच्या डब्याचा वास तसाच होता. दोन्ही मिळून जे काही तयार झालं होतं त्याने डोकं भणभणलं. शुद्धलेखन सर खिडकीशी होतेच. भिंगरी टेबलाच्या कोपऱ्याशी बसली, समोर आलेखाचा कागद. संचालकांनी तिची कंपासपेटी स्वतःकडे ओढली, त्यातलं कर्कटक हुडकलं आणि टोक कानात घालून डोळे मिटले. दोन वेळा साबण आणि एकदा उकळतं पाणी, सगळं वाया.

मी तिच्या हातांकडे पाहत होते. हात वर्तुळाच्या कंपासकडे गेला नाही. पट्टीकडे गेला.

तिने रेघ ओढली, वरून खाली, पंचवीसपासून पंचवीसपर्यंत, केसासारखी बारीक. मग पेन घेतलं. लिहिताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माशांकडेही नाही. लिहून झाल्यावर कागद संचालकांपुढे सरकवला. त्यांनी वाचला आणि तोंडभर हसून माझ्यापुढे केला, वर लाल पेन ठेवून.

'3 + 4 = 25. म्हणून बिंदू आलेखावर आहे.'

बाकीच्या मुलांच्या अक्षरात हेच वाक्य वाचलं तेव्हा मला किळस आली होती. तिच्या अक्षरात वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं. ही तीन वर्षांची असताना मी हिला बोटं मोजायला शिकवली. तीन बोटं या हाताची, चार त्या हाताची, आणि ती ओरडायची, सात! तिला अजूनही ठाऊक होतं की सात होतात. माझ्यासाठी तिने ते लिहिलं होतं. त्या दोन माणसांनी काही न करता, नखं आणि कान कोरत, एका पोरीकडून ते लिहून घेतलं होतं. आणि आता त्याच्यावर माझी बरोबरची खूण हवी होती.

पूर्ण गुण दिले तर ती माझ्या वर्गात येणार. पहिल्या बाकावर बसणार. मी फळ्यावर काहीतरी सिद्ध करीन आणि शेवटी म्हणेन, म्हणून हे बरोबर. ती मान वर करून माझ्याकडे बघेल. ते बघणं मला सोसवलं नसतं. गुण न दिले तर वर्ग तिचा जाणार, शेरा तिच्या दाखल्यावर येणार, माझ्या तत्त्वाचं बिल ती भरणार. हेही मला दिसत होतं. मी काही संत नाही.

मी पेनाचं टोपण काढलं. रेघेवर फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'विद्यार्थी अर्धे नसतात. सलग रेघेवर एका वर्गात साडेबारा मुलं येतात.' खालच्या ओळीवर फुली मारली, लिहिलं, '3 + 4 = 7'. एकूण गुण शून्य. मग वरच्या छापील प्रश्नावर आडवी रेघ मारून लिहिलं, 'प्रश्न चुकीचा. मी दिलेला प्रश्न: x² + y² = 25'. आणि त्याच्याखाली सही केली, लांबलचक, पूर्ण नावाची. हवी होती ना त्यांना सही.

संचालकांचं कर्कटक कानातच थांबलं. "अहो मॅडम! घरचाच मामला होता हो हा."

"घरचा आहे म्हणूनच नीट तपासला."

"मुलीचं नुकसान कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणून हात थरथरतोय, बघा."

शुद्धलेखन सरांनी तो कागद उचलला. अंगठा चाटून त्यांनी त्याचा कोपरा पकडला आणि बराच वेळ वाचत राहिले. मला क्षणभर वाटलं, निदान या माणसाला आता तरी काही उमगेल. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"'प्रश्न चुकीचा' असं होत नाही," ते म्हणाले. "'प्रश्न चुकीचा आहे.' क्रियापद राहिलंय आपलं."

आणि त्यांनी ते घातलं. माझ्या सहीच्या वर, स्वच्छ अक्षरात: 'आहे'.

मी भिंगरीचा हात धरून बाहेर आले. मागून संचालक चौकशी समिती, निलंबन, असं काहीबाही बोलत होते. जिन्याशी आल्यावर तिने विचारलं.

"किती दिलेस?"

"शून्य."

ती थांबली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी घाईघाईने बोलत सुटले. "तुझा वर्ग गेला. माझी नोकरीही जाणार. तुझा बाप आता माझं तोंड बघायचा नाही."

"बाबांना राहवत नाही. ते उद्या स्वतःच वर येतील." तिने दीर्घ श्वास सोडला. "मला वाटलं तुझी नोकरी वाचेल, म्हणून मी लिहिलं. पण लिहून झाल्यावर भीती वाटायला लागली."

"कसली?"

"तू गुण देशील याची. दिले असतेस, तर मी परत तुझ्याकडे शिकायला बसले नसते, आत्या."

जिन्याच्या कठड्याला धरून मी उभी राहिले. ती कंपासपेटी उघडून आत बघत होती.

"कर्कटक त्यांच्याकडेच राहिलं."

"थांब, आणते."

"नको," ती तोंड वाकडं करत म्हणाली. "कानात घातलंय त्यांनी."

"मग राहू दे त्यांनाच."

आम्ही जिना उतरलो. खाली अभिनंदनाचा फलक लावला होता, विशेष वर्गाच्या सगळ्या मुलांच्या नावांचा, आणि तो जरा वाकडा झाला होता. ती त्याच्याकडे न बघता पुढे गेली. फाटकाशी पोचल्यावर तिने मागे वळून विचारलं, "मग संध्याकाळी किती वाजता येऊ शिकायला?"

"कधीही ये," मी म्हटलं. "आता मला वेळच वेळ आहे."